करवंटीतला मासळीभात

रत्नागिरीच्या खेड्यांतल्या जुन्या घरांत मांजरासाठी वेगळे काही रांधण्याची रीत नव्हती. मागीलदारी, माडाच्या बुंध्याशी किंवा विहिरीच्या कडेला एक सपाट दगड असे. घरातली बाई विळी घेऊन तिथे मासे साफ करायला बसली की घरची, शेजारची आणि कुणाचीच नसलेली मांजरे तिच्याभोवती कोंडाळे करीत. पेडव्यांची डोकी, बांगड्याचे कल्ले, सुरमईची आतडी आणि कोळंबीची टरफले हा त्यांचा ठरलेला वाटा. रात्री भाताची खरवड आणि मासळी उकडलेले पाणी करवंटीत एकत्र करून ती करवंटी पडवीच्या कोपऱ्यात सरकवली जाई. हल्ली पाकिटात किंवा डब्यात जे ओले खाद्य विकत मिळते, त्याच्याशी या करवंटीचे नाते वाटते त्यापेक्षा जवळचे आहे. शे-सव्वाशे वर्षांत मासळीचा धंदा बदलत गेला आणि त्याच्याबरोबर मांजराची करवंटीही बदलली. म्हणून मांजराच्या जेवणाचा इतिहास पाहायचा तर बंदरापासूनच सुरुवात करावी लागते.

या किनाऱ्यावर मांजर नेमके केव्हा आले हे सांगणारा लेख कुठे कोरलेला नाही, पण ते समुद्रमार्गाने फिरले याचे पुरावे पलीकडच्या किनाऱ्यावर मिळाले आहेत. इजिप्तमधले तांबड्या समुद्राकाठचे कुसेर हे रोमन काळात भारताशी व्यापार करणारे बंदर होते. तिथल्या उत्खननात त्या काळातल्या एका मांजराचा सांगाडा सापडला आणि त्याच्या पोटाच्या जागी काळ्या उंदरांची हाडे निघाली. या मांजराचा अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. काळा उंदीर मूळचा भारतीय उपखंडातला. तो मिरी आणि धान्याच्या गलबतांतून पश्चिमेला पोचला, आणि त्याला आवरायला मांजर. त्याच किनाऱ्यावरच्या बेरेनिके बंदरात तर पाळीव प्राण्यांची दफनभूमीच उघडी पडली. पुरलेल्या सुमारे सहाशे प्राण्यांत बहुसंख्य मांजरे होती आणि काहींच्या गळ्यात पट्टे होते. दात गेलेले म्हातारे प्राणीही तिथे पुरलेले आढळले. आजूबाजूला वाळवंट, सगळी रसद बाहेरून येणारी, आणि तरीही कुणीतरी त्यांना मऊ अन्न भरवीत होते. रोमन काळातल्या ज्या ग्रीक प्रवासवर्णनात भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरची बंदरे नोंदली आहेत, त्यातले मंदागोर म्हणजे बाणकोट असे अनेक अभ्यासक मानतात. बाणकोट आजच्या रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. बेरेनिकेहून निघालेली गलबते या किनाऱ्याला लागत होती.

कोकणातल्या घरात मांजराला स्थान मिळाले ते भातामुळे. कणगीत भरलेले भात, माळ्यावरचे बियाणे आणि शाकारलेली छपरे ही उंदरांना आयती जागा. उंदीर मारणे हा मांजराच्या नोकरीचा भाग, आणि पगार मासळीत. श्रद्धेनेही त्याला संरक्षण दिले. षष्ठीदेवीचे वाहन मांजर, म्हणून त्याला दुखवायचे नाही. हातून मांजर मेले तर सोन्याचे मांजर करून काशीला वाहायला हवे, अशी समजूत घरोघर सांगितली जाई. मिरकरवाडा, राजिवडा अशा वस्त्यांतल्या मुसलमान मच्छीमारांच्या घरांत, ज्यांना जुन्या नोंदींत दालदी म्हटले आहे, हदीसमधली एक गोष्ट सांगितली जाते. एका बाईने मांजर कोंडून ठेवले. तिने त्याला खायला दिले नाही आणि बाहेर सोडून स्वतःचे पोट भरूही दिले नाही, म्हणून तिला शिक्षा झाली. दोन्हीकडचा अर्थ व्यवहारात एकच निघत असे: दारातले मांजर उपाशी ठेवायचे नाही.

शाकाहारी ब्राह्मण घरांत मात्र करवंटीत दूधभात पडे. शिंकाळ्यावर लोणी, त्याखाली बोका आणि शिंके तुटण्याची वाट पाहणे हे चित्र म्हणीत कायमचे बसले आहे. त्यामुळे दूध हेच मांजराचे खरे अन्न, असा समज महाराष्ट्रभर रूढ झाला. प्रत्यक्षात मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दुधातली साखर नीट पचत नाही आणि त्यांना ढाळ लागतात. दूधभातावर वाढलेली मांजरे जगली ती माळ्यावरचे उंदीर, भिंतीवरच्या पाली आणि शेजारच्या मासे खाणाऱ्या घराचा मागीलदार यांच्या आधारावर. मांजराचे शरीर मांसावाचून चालत नाही, ही गोष्ट शास्त्राने फार उशिरा सांगितली. तिच्याकडे वळण्यापूर्वी महाराष्ट्रातलाच एक विसरलेला प्रसंग सांगायला हवा.

१८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. गिरण्यांतल्या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे फार मोठ्या संख्येने होती. साथ भडकताच ती बोटींत बसून गावाकडे निघाली आणि आगबोटींचे धक्के तपासणीची ठाणी झाली. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, हा धडा लोकांनी स्वतःच घेतला. उंदरावरच्या पिसवांचा त्यातला वाटा मुंबईत ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढच्या दशकात सिद्ध केला. त्याच सुमारास वऱ्हाडात अमरावतीचे सिव्हिल सर्जन लेफ्टनंट कर्नल अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी गावोगावची मांजरे मोजायला घेतली. निम्म्याहून अधिक घरांत मांजर असलेल्या गावांत प्लेगला सहसा शिरकाव मिळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. १९०८ मध्ये त्यांनी हे ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. मांजर स्वतःही प्लेगला बळी पडते हे पुढे कळले, त्यामुळे त्यांचा उपाय त्यांना वाटला तितका सरळ नव्हता. पण एक सरकारी डॉक्टर गावातली मांजरे मोजत हिंडतो आणि ती टिकली पाहिजेत असे सांगतो, हे मांजराच्या इतिहासातले महत्त्वाचे पान आहे. टिकवायची म्हणजे खाऊ घालायची. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला त्यासाठी घासातला घास द्यावा लागत होता. किनाऱ्यावर खाऊ घालणे फुकट होते.

फुकट का होते, याचे उत्तर बर्फाच्या अभावात आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा दहावा खंड रत्नागिरी आणि सावंतवाडीचा. तो १८८० मध्ये निघाला. त्या काळी पकडलेली मासळी ताजी खायची तर त्याच दिवशी, डोक्यावरच्या पाटीतून जितके चालता येईल तितक्या अंतरातच. उरलेली खारवायची, वाळवायची किंवा माडांच्या आळ्यात खत म्हणून घालायची. सरकारने मासे खारवण्याची आवारे उघडली आणि तिथे सवलतीच्या दराने मीठ दिले, पण तारलीचा हंगाम आला की मीठही पुरत नसे आणि हातही. तारली आणि पेडवे तेलकट, नाजूक आणि भराभर नासणारे. रापण ओढली की वाळूत रास पडे. दोरखंडाला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा वेगळा काढला जाई, आणि वाटे झाल्यावर जे वाळूत राही त्यावर कावळे, घारी, कुत्री आणि मांजरे तुटून पडत. अशा दिवसांत किनाऱ्यावरचे मांजर जे खाई ते पूर्ण मासा होता, काट्यासकट, काळजासकट, आतड्यासकट.

खाण्याच्या बाबतीत मांजर हट्टी का होते, हेही इथेच समजते. मांजराला गोड कळतच नाही. गोडाची चव ओळखणारे जनुक मांजरकुळात निकामी झालेले आहे, असे अमेरिकेतल्या फिलाडेल्फियातील मोनेल संशोधन केंद्राने २००५ मध्ये दाखवले. उलट मांसाची खमंग चव त्याला तीव्रतेने कळते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांजराच्या जिभेवरचे त्या चवीचे ग्राहक तपासले गेले. स्नायूंत सापडणारी दोन विशिष्ट द्रव्ये एकत्र आली की मांजरे ते पाणी इतर पाण्यापेक्षा जास्त आवडीने पितात, आणि ही जोडी टूना माशात भरपूर असते, असे त्यात आढळले. टूना म्हणजे आपला कुपा, आणि बांगडा त्याच कुळातला. मासा शिळा होऊ लागला की यातली द्रव्ये मोडतात, चव आणि वास दोन्ही बदलतात. सकाळचा बांगडा खाणारे मांजर कालच्या बांगड्याला हुंगून निघून जाते त्याला कारण आहे, आणि ते कारण माशाच्या देहात आहे.

दुसरे कारण आईपासून आलेले. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात वांडा विर्विका या संशोधिकेने मांजरींना चक्क केळे खायची सवय लावली. त्यांची पिल्ले आईशेजारी बसून केळे खायला शिकली आणि वेगळी झाल्यावरही खात राहिली, समोर मांस असतानासुद्धा! पिल्लू आईच्या तोंडाकडे पाहून अन्न ओळखायला शिकते. मिरकरवाड्याच्या धक्क्यावर जन्मलेल्या मांजराने पहिल्या काही आठवड्यांत जे खाल्ले तेच त्याच्या लेखी अन्न. त्याला कोणी माया लावून पुण्याच्या फ्लॅटमध्ये नेले आणि पुढ्यात कोरडे दाणे ठेवले, तर ते त्याला खडे वाटणार. घरची माणसे अशा वेळी ‘भूक लागली की झक्कत खाईल’ म्हणतात. मांजराच्या बाबतीत हे घातक ठरू शकते. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर, विशेषतः मांजर जाड असेल तर, अंगातली चरबी यकृतात साचते आणि ते दगावू शकते. हट्टी मांजराला उपाशी ठेवून वळण लावता येत नाही, हे त्याच्या शरीराचेच बंधन आहे.

मांजराला पाणीही अन्नातूनच हवे असते. त्याचा रानटी पूर्वज पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या रुक्ष मुलखातला. उंदराच्या देहात जे पाणी होते ते त्याला पुरे. मूत्र खूप दाट करण्याची ताकद त्याच्या मूत्रपिंडात आली, पण वाटीतले पाणी वरचेवर पिण्याची सवय आली नाही. उंदीर किंवा मासा यांत साधारण सत्तर ते पंचाहत्तर टक्के पाणी, डब्यातल्या ओल्या खाद्यात जवळपास ऐंशी, आणि कोरड्या दाण्यात आठ-दहा. मासळीचे पाणी घातलेला सैलसर भात देणाऱ्या बायांनी हे आकडे पाहिले नव्हते. त्यांचे प्रमाण मात्र बरोबर होते.

जगात दुसरीकडे मांजराचे खाद्य धंद्याच्या वाटेने गेले. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये घोड्याचे उकडलेले मांस गाडीवरून विकत फिरणारे फेरीवाले होते. त्यांची हाक ऐकून रस्त्यावरची मांजरे मागे लागत. १९२२ मध्ये अमेरिकेत घोड्याच्या मांसाचे डबे कुत्र्यांसाठी निघाले आणि १९३० च्या दशकात मांजरांसाठीही. दुसऱ्या महायुद्धात पत्रा लष्कराला हवा झाला, डबे बंद पडले आणि कोरड्या खाद्याला वाट मिळाली. ती वाट १९५७ नंतर, दाबाखाली फुलवलेले दाणे बाजारात आल्यावर, हमरस्ता बनली. मात्र टूनाच्या कारखानदारांनी ओले खाद्य जिवंत ठेवले. माणसांच्या डब्यात टूनाचे पांढरे मांस जाई. कण्याजवळचे लाल, काळपट मांस उरे, ते मांजरांच्या डब्यात गेले. १९६० च्या दशकाअखेर अशाच एका कंपनीने मॉरिस नावाचा नारिंगी बोका जाहिरातीत आणला. निवाऱ्यातून उचललेला हा बोका जगातले सर्वांत चोखंदळ मांजर म्हणून अमेरिकेत घराघरांत पोचला. चोखंदळपणा हा तोपर्यंत मालकाचा वैताग होता. जाहिरातीने त्याला विक्रीचे साधन केले, आणि तेव्हापासून ‘माझे मांजर काहीच खात नाही’ या तक्रारीवर एक मोठा उद्योग उभा आहे.

मासा उरला तो मांजराला, या हिशेबात धोकेही होते आणि ते एकेक करून उघड झाले. १९३० च्या दशकात मिनेसोटातल्या एका कोल्हेपालन केंद्रात कच्चे गोडे मासे खाणारे कोल्हे लुळे पडून मेले. कच्च्या माशातले एक विकर ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकते, हे त्यातून समजले, आणि पुढच्या दशकात मांजरांवरही तोच परिणाम दिसला. हे विकर हेरिंगच्या कुळात वरचेवर आढळते; तारली त्याच कुळातली. उकळले की ते नष्ट होते. १९५० च्या दशकात लाल टूनाच्या डब्यांवरच वाढलेल्या मांजरांच्या अंगातली चरबी पिवळी पडून दुखू लागली, कारण तेलकट माशाला पुरे पडेल एवढे ई जीवनसत्त्व त्यात नव्हते.

सर्वांत मोठा धक्का टॉरिनचा. हे द्रव्य बहुतेक प्राणी स्वतःच्या शरीरात बनवतात, मांजर पुरेसे बनवू शकत नाही. १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की टॉरिन कमी पडले की मांजराचा दृष्टिपटल झडतो. १९८७ मध्ये त्याच नियतकालिकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पॉल पायन यांनी त्याहून भयंकर गोष्ट मांडली: नावाजलेले तयार खाद्य खाणाऱ्या मांजरांची हृदये टॉरिनअभावी ताणून सैल पडत होती, आणि ते वेळेत दिले तर बरी होत होती. तेव्हापासून खाद्यात टॉरिन घालणे नेमाचे झाले. अमेरिकेतल्या मानकांत डबाबंद ओल्या खाद्यासाठी टॉरिनचे किमान प्रमाण कोरड्याच्या दुप्पट ठेवले आहे, शुष्क वजनावर ०.२ टक्के. उष्णतेची प्रक्रिया झालेल्या ओल्या अन्नातून मांजराच्या अंगी ते कमी लागते, म्हणून.

आता पुन्हा करवंटीकडे. टॉरिन पाण्यात विरघळते. मासा उकडला की ते बऱ्यापैकी पाण्यात उतरते. पाणी फेकले तर गेले, भातावर ओतले तर राहिले. माशाचे काळीज आणि लाल मांस, तिसऱ्या, मुळे, कालवे यांत ते विपुल. म्हणजे उकळून कच्चेपणा घालवणे, पाणी न टाकणे आणि काळीज-कल्ल्यांजवळचे मांस मांजराला देणे, या तीनही गोष्टी रत्नागिरीच्या चुलीवर योग्य होत होत्या. करवंटी वैलावरच्या भांड्यातून भरली जाई, त्यामुळे अन्न कोमट असे. मारलेल्या भक्ष्याइतके उबदार अन्न मांजर सर्वांत आवडीने खाते. फ्रिजमधून थेट काढलेले पाकीट नाकारणाऱ्या मांजराला तेच पाकीट गरम पाण्यात धरून दिले की ते बरेचदा वाटी चाटूनपुसून साफ करते. करवंटीत उणे काय होते, तेही सांगायला हवे. भाताचे प्रमाण जास्त, मांसाचे कमी. मसाला आणि मीठ लागलेले उष्टे कालवण वाईट. त्यातला कांदा-लसूण तर मांजराच्या तांबड्या पेशी फोडतो. आणि पावसाळा.

जून लागला की समुद्र बंद. पूर्वी हे बंधन वाऱ्याचे होते, आता सरकारी बंदीही जून-जुलैची असते, आणि होड्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात जातात. या दिवसांत माणसांना सुके बोंबील, सोडे, जवळा, खारवलेला बांगडा. मांजराच्या वाट्याला त्याच खारटाचे काटे आले तर ते हावरेपणाने खाते आणि मग त्याला पाणी पुरत नाही. मृगाच्या पहिल्या सरींबरोबर ओढ्यांत चढणीचे मासे आले की दोन-चार दिवस चैन, नंतर बेडूक, कुर्ल्या आणि उंदीर. बंदराकाठच्या पिल्लांना पावसाळा जड जातो.

मासळीवर जगणारे मांजर समुद्रात काय मिसळले आहे ते माणसाच्या आधी सांगते, ही गोष्ट जपानने फार मोठी किंमत मोजून शिकली. मिनामाता उपसागराकाठच्या कोळीवाड्यांतली मांजरे १९५० च्या दशकात वेडीवाकडी नाचू लागली, भिंतींवर आपटू लागली, पाण्यात पडून मरू लागली. १ मे १९५६ रोजी माणसांतल्या आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये उपसागरात सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी एका मांजराला कारखान्याचे सांडपाणी अन्नातून दिले. प्रयोगाच्या नोंदीत ते मांजर क्रमांक ४०० आहे. त्याला तोच आजार झाला, आणि कंपनीने निष्कर्ष दडपला. रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतली मासळी मरते, या तक्रारी खाडीकाठचे भोई आणि इतर मच्छीमार वर्षानुवर्षे करीत आले आहेत. त्या खाडीची मासळी मांजराच्या करवंटीतही पडते आणि माणसाच्या ताटातही. तिथल्या पाण्याची आणि माशांची नियमित तपासणी हा मच्छीमारांचा हक्क आहे.

गेल्या पन्नास वर्षांत बंदर बदलले. बर्फाचे कारखाने आले, ट्रॉलर आले, ट्रक रातोरात मुंबई-गोवा गाठू लागले. १९७८ मध्ये दीपक गद्रे यांनी रत्नागिरीत मासळी निर्यातीचा व्यवसाय सुरू केला आणि १९९० च्या दशकात त्यांच्या कारखान्यात सुरिमी बनू लागली. पूर्वी ज्याला कुणी मान देत नव्हते त्या राणी माशाचे मांस काढून, पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन केलेला पांढराशुभ्र लगदा म्हणजे सुरिमी. त्याच्या खेकड्यासारख्या कांड्या परदेशी जातात. ज्या धुण्याने तो पांढरा होतो, त्याच धुण्याने मांसातली पाण्यात विरघळणारी द्रव्ये, टॉरिनसकट, निघून जातात. मांजराच्या दृष्टीने राणी माशाचे डोके आणि कणा त्या लगद्याहून मोलाचे. पण डोकी आता धक्क्यावर पडत नाहीत. ती, आणि पर्ससीनच्या जाळ्यात टनावारी येणारी लहान तारली, मासळीची कुटी आणि तेल काढणाऱ्या कारखान्यांत जाते. साधारण साडेचार-पाच किलो ओल्या मासळीतून एक किलो कुटी निघते आणि ती कोळंबीच्या तळ्यांत, कोंबड्यांच्या खाद्यात पोचते. पर्ससीनने समुद्र ओरबाडला जातो, हा पारंपरिक मच्छीमारांचा आक्षेप सरकारला मान्य करावा लागला. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर मर्यादा आल्या आणि परवानाधारकांनाही सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच मुदत राहिली. मांजराच्या बाजूने पाहिले तर हीच ती लहान मासळी, जी पूर्वी रापणीच्या वाळूत उरत असे. तिच्या प्रत्येक काट्याला आता भाव आहे.

म्हणून आज रत्नागिरी शहरातही दुकानात टूना, सार्डिन आणि मॅकरेल यांची चित्रे असलेली पाकिटे लटकतात. सार्डिन म्हणजे तारली, मॅकरेल म्हणजे बांगडा. यातल्या बऱ्याच पाकिटांमागे थायलंडमध्ये बनल्याची नोंद असते. टूनाचे डबे भरणारा तो देश. उरलेल्या लाल मांसातून त्याने मांजरांच्या खाद्याची प्रचंड निर्यात उभी केली. चांगले पाकीट ओळखायला पुढचे चित्र कामाचे नाही, मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. पूर्ण आहार म्हणून लिहिले आहे की पूरक म्हणून, हे पहिले. निव्वळ रस्सा किंवा माशाचे तुकडे असलेली पूरक पाकिटे हट्टी मांजर आनंदाने खाते, पण तेवढ्यावर ते जगू शकत नाही. घटकांत मासा किंवा मांस सुरुवातीला हवे आणि टॉरिनचे नाव हवे. आणि बंदरावर वाढलेले मांजर असेल तर नव्या पाकिटाचा चमचाभर भाग त्याच्या ओळखीच्या उकडलेल्या तारलीत मिसळून, आठ-दहा दिवस हळूहळू वाढवत न्यावा. विर्विकांच्या पिल्लांना आईने जे शिकवले ते इथे ओळखीच्या वासाला शिकवावे लागते.

हे पाकीट रत्नागिरीत का बनू नये, हा प्रश्न मात्र मनातून जात नाही. शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे, बंदराला मासळी आहे, डबे भरण्याची विद्याही जिल्ह्याला नवी नाही. हापूसच्या रसाचे डबे इथून जगभर जातात. अडचण तांत्रिक आहे. आंब्याचा रस आंबट, त्यात घातक जिवाणू वाढत नाहीत, म्हणून तो उकळत्या पाण्याच्या तपमानाला सुरक्षित होतो. मासा आंबट नाही. त्याच्या डब्याला दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसची उष्णता द्यावी लागते, नाहीतर बोट्युलिनमचे विषारी जिवाणू जगतात. त्यासाठी वेगळी यंत्रे आणि प्रत्येक मापाच्या डब्यासाठी ठरवलेली वेगळी वेळ लागते. वर टॉरिन, ब-१ आणि ई जीवनसत्त्वांची भर, आणि वर्षभर पुरेल असा कच्चा माल, जो पावसाळ्यात शीतगृहातून काढावा लागेल. कुटीच्या कारखान्यात जाणाऱ्या डोक्यांना आणि कण्यांना असा खरेदीदार मिळाला तर मासे कापणाऱ्या बायांच्या हातात दोन पैसे जास्त पडतील.

तोवर मिरकरवाड्यावर लिलाव आटोपतो, पाट्या उचलल्या जातात, आणि बाजारात विळीवर बसलेल्या बाया गिऱ्हाइकाची सुरमई कापून देताना कल्ले बाजूला टाकतात. घरी मांजर असलेले गिऱ्हाईक ते मागून घेते. ‘मांजरासाठी द्या’ म्हटले की पिशवीत दोन डोकी जास्तीची पडतात, आणि त्याचे पैसे अजून कुणी लावत नाही.